मी अजून माजी झालेले नाही

आमच्या गावात रजेवर आलेला जवान कोणता आणि कायमचा आलेला कोणता, हे त्याच्या तोंडावरून कुणी ओळखत नाही, सामानावरून ओळखतात. रजेवर येणाऱ्याच्या पाठीवर पिट्टू असतो, हातात फार तर सफरचंदांची पेटी. काळी पत्र्याची ट्रंक पलटणीतच राहते. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली ती ट्रंक ज्या दिवशी दारात उतरते, त्या दिवशी गावानं समजायचं की गडी सुटला. मग उघडी जीप, हलगी, गुलाल, चौकात फलक आणि देवळासमोर सत्कार. कडेगाव भागात कुठल्याही गावात जा, हेच दिसेल. घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे या मिरवणुकीत कुणाला काही शिकवावं लागत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझी ट्रंक आमच्या दारात उतरली. फरक एवढाच, की मी सुटले नव्हते.

मी सीमेवरच्या एका दलात आहे आणि बर्फावर पट्ट्या बांधून पळते. स्की म्हणतात त्याला. हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, म्हणजे डोंगरावरून घसरायचं. नाही. घसरायचा खेळ वेगळा, तो हौशी लोकांचा. माझ्या खेळात जेवढं उतरायचं तेवढंच चढायचं असतं, आणि सपाटीवर दोन्ही हातांतल्या काठ्या रोवून स्वतःला पुढं ओढायचं असतं. असं दहा किलोमीटर. आजूबाजूला पाणी गोठलेलं असतं आणि अंगातला बनियन पिळून काढावा लागतो. घसरगुंडी म्हणणाऱ्यांचा मला आजही राग येतो, आणि तो आवरायचा मी प्रयत्नही करत नाही.

माझं माहेर आटपाडीकडचं, मेंढपाळाचं. सासर उसाचं, माहेर कुसळाचं. लग्न आम्ही दोघांनी आमच्या मर्जीनं केलं, त्यावरून दोन्हीकडं जे बोलायचं ते बोलून झालं, आता त्यात राम उरलेला नाही. लहानपण मी मेंढरांमागं चालून काढलं. आई पुढं बिऱ्हाडाचं घोडं घेऊन जायची, बाप कळपाच्या मागं, आणि बापाच्या मागं मी. आमच्यात दमलो म्हणायची पद्धत नव्हती. म्हणून उपयोगच नव्हता, मेंढरं काही थांबत नाहीत. भरती झाल्यावर पहिल्या लांबच्या मार्चमध्ये आमच्या उस्तादानं, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्या हवालदारानं, मागं वळून पाहिलं, तर पहाडी मुलींच्या बरोबरीनं एक काळीसावळी मराठी पोरगी चालत होती. त्यानं विचारलं, तुमच्याकडं बर्फ असतो का. मी म्हटलं, असतो, लग्नात सरबतात घालतात. तो हसला नाही, पण हिवाळ्यात स्कीसाठी मुली निवडल्या त्यात मी होते.

पहिला हिवाळा मी नुसती पडले. पहाडी मुली लहानपणापासून पायाला फळ्या बांधून शाळेत गेलेल्या, त्या हसायच्या. मी पडायचे, उठायचे आणि मराठीत शिव्या द्यायचे, म्हणजे कुणाला कळू नयेत. दुसऱ्या हिवाळ्यात त्या शिव्या त्यांना कळायला लागल्या आणि माझं पडणं थांबलं. चौथ्या हिवाळ्यात मी देशात पहिली आले. पुढं बरीच वर्षं पहिलीच येत राहिले. परदेशात धावले तेव्हा मात्र नाव शेवटाकडून शोधलं तर लवकर सापडायचं. हे मीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर काढून माझ्या तोंडासमोर धरतं. त्या देशांत सहा महिने बर्फ असतो. आमच्या आटपाडीत सहा महिने टँकर असतो. तरी मी तिथं उभी राहिले, आणि माझ्याही मागं कुणीतरी होतं.

मग गुडघा गेला. सरावात बर्फाच्या कडक थरावर पाय अडकला आणि आत काहीतरी सुटलं. ऑपरेशन झालं, लांबलचक रजा मिळाली. वरच्या साहेबांनी गोड शब्दांत सुचवलं, की पुष्कळ केलंस, आता उस्ताद हो, मुलींना शिकव. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जानेवारीच्या शेवटी परदेशी स्पर्धेसाठी निवडीची शर्यत होती, पहिल्या तिघी जाणार होत्या. मला त्या शर्यतीला उभं राहायचं होतं. यंदा उतरले नाही तर पुढच्या वर्षी मला कुणी विचारणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पस्तिशीतली बाई एक हिवाळा घरी बसली की तिची जागा भरलेली असते.

म्हणून ट्रंक. रजेत सराव घरीच करायचा होता, त्यामुळे तीत चाकांच्या स्की होत्या, जादाची चाकं, काठ्यांची टोकं, बूट, मेणाच्या वड्या, ते मेण स्कीवर लावायची इस्त्री, ब्रश. एवढं पिट्टूत मावत नाही. कराडला रेल्वेतून उतरले, पिकअप केली, आणि आमच्या चौकातून जाताना पारावरच्या मंडळींनी मागची ट्रंक पाहिली. मी हात केला, त्यांनी हात केला. माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. त्यांच्या डोक्यात सगळं आलं.

घरी सासरे होते. त्यांना मी आबा म्हणते. ते फौजेतून नाईक होऊन सुटलेले, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा सांगलीला विश्रामबागेत एका कॉलेजात शिकवतो, शनिवार-रविवार गावी येतो. म्हणजे बाकीचे दिवस घरात मी आणि आबा. आबा बोलायला कमी, ऐकायला त्याहून कमी. पिकअपवाल्यानं ट्रंक सोप्यात ठेवली तेव्हा ते तिच्याकडं बराच वेळ बघत होते. मी म्हटलं, सरावाचं सामान आहे. ते म्हणाले, आसू दे, आणि चहा ठेवायला स्वतः उठले. त्याआधी त्यांनी माझ्यासाठी कधी चहा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी रस्ता धरला. चाकांची स्की म्हणजे हातभर लांबीची पट्टी, पुढं एक चाक, मागं एक चाक, मध्ये बूट अडकवायचा. तिला ब्रेक नसतो. काठ्या डांबरावर टकटक वाजतात, त्या आवाजानं कुत्री मागं लागतात. त्यात उसाचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली, आणि रस्ताभर पडलेली उसाची कांडकी. असं एक कांडकं चाकाखाली आलं की माणूस सरळ उसात. पहिल्या आठवड्यात मी दोनदा गेले. ट्रॉलीवाले गाडी हळू करून विचारायचे, ताई, इंजान कुटं हाय. पोरं व्हिडिओ काढायची आणि मला न आवडणारी गाणी लावून पाठवायची. काही बायाबापड्या कळवळून सांगायच्या, झालं की आता देशाचं, आता जरा घराकडं बघ. मी म्हणायचे, बघते. आणि काठ्या रोवून पुढं जायचे. गुडघा दुखायचा. विश्रामबागेतल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दुखेल, पण सुजला तर थांबायचं. सुजत नव्हता. मी रोज सकाळी हात लावून बघायचे आणि देवाचं नाव घ्यायचे.

एका सकाळी उतारावरून वेगात गावात शिरले. चौकाच्या वळणावर मान वर केली तर समोर मीच. दोन विजेच्या खांबांच्या मध्ये भला मोठा फलक, त्यावर गणवेशातला माझा फोटो, मागं कुठल्यातरी परक्या मुलखातला बर्फाचा डोंगर, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, माजी राष्ट्रीय विजेत्या, सेवापूर्तीनिमित्त भव्य मिरवणूक व सत्कार. ब्रेक नाही. मी माझ्याच तोंडावर जाऊन आदळणार होते. कशीबशी बाजूच्या मातीत उतरले, गुडघ्यावर भार न देता बसकण मारली, आणि तिथंच बसून तो एक शब्द वाचत राहिले. माजी. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन आबांना विचारलं. ते म्हणाले गावानं ठरवलंय, माजी सैनिकांनी मिळून. मी म्हटलं, तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत?

"त्यांनी मला इचारलं, आली का कायमची. मी न्हाई म्हनलो न्हाई," आबा म्हणाले. "घरला ट्रंक एकदाच येती, पोरी. ट्रंक आली म्हंजी मानूस आलं."

"आबा, मी सुटल्याली न्हाई. जानेवारीत शर्यत हाय माझी."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडं बघितलं आणि उठून गोठ्याकडं गेले. पाठ फिरवणं हे आमच्या घरात उत्तर असतं.

शनिवारी नवरा आला. त्याचं म्हणणं नेहमीसारखं समजुतीचं. तासाभराची गोष्ट आहे, जीपमध्ये बस, हार घालून घे, लोकांचं मन राहील, आणि जानेवारीत जायचं तर जा, कोण अडवतंय. तो चांगला माणूस आहे, पण त्याला कधी कुणी जीपमध्ये बसवलेलं नाही. मी इतक्या मिरवणुका पाहिल्यात. जीपमध्ये बसलेला माणूस परत पलटणीत जात नाही. गुलाल लागला की गावाच्या लेखी हिशोब मिटला. मग तुम्ही पहाटे पळताना दिसलात तर लोक कौतुक करत नाहीत, कीव करतात. शिवाय नोकरीवरून काढताना नारळ देतात आणि सत्कारातही नारळच देतात, हे काही आपल्या लोकांनी उगाच केलेलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, मिरवणूक होऊ दे. पण जीपमध्ये मी बसणार नाही.

मिरवणुकीच्या दिवशी जीप दारात आली. झेंडूनं मढवलेली, बॉनेटवर फेट्याचं कापड. हलगीवाले तापवून तयार, लेझमीच्या मुली रांगेत. जुने फौजी टोप्या घालून, पदकं लावून उभे. मी सरावाचे कपडे घालून बाहेर आले, दाराच्या पायरीवर बसले आणि चाकांच्या स्की पायात अडकवल्या. एका म्हाताऱ्या हवालदारानं जीपचं दार माझ्यासाठी उघडून धरलं होतं, ते तो तसंच धरून उभा राहिला. मी त्याला नमस्कार केला आणि जीपच्या पुढं जाऊन थांबले. आबा फेटा बांधून ड्रायव्हरशेजारी बसले होते. काचेतून आमची नजरानजर झाली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि तो गुलालानं नव्हे.

वरातीमागून घोडं ऐकलं होतं, त्या दिवशी घोड्यामागून वरात निघाली. देऊळ गावाबाहेरच्या टेकडावर आहे, रस्ता सगळा चढाचा. मी काठ्या रोवल्या. सुरुवातीला मिरवणुकीच्या बेतानं हळू जात होते. पण चढ लागला आणि अंगानं आपलं काम ओळखलं. गुडघा काही म्हणाला नाही. मागं हलगीचा ठेका तुटायला लागला, लेझमीच्या मुली धापा टाकायला लागल्या, जीप पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत होती. देवळासमोर मांडव, खुर्च्या, व्यासपीठ. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं हार पुढं केला. मी थांबले नाही. त्या दिवशीच्या सरावाचं निम्मं अंतरसुद्धा झालं नव्हतं. टेकडाच्या पलीकडं उतरून पुढच्या गावच्या फाट्यापर्यंत गेले आणि तिथून वळले.

परत आले तेव्हा भाषणं चालू होती. सत्कारमूर्तीवाचून सत्काराचं काही अडत नाही, हे तेव्हा समजलं. तिसरे वक्ते मी किती साधी आहे ते सांगत होते. मी स्की काढून हातात घेतल्या, घामानं निथळत व्यासपीठावर चढले आणि माइक मागितला. भाषण मला येत नाही. मी म्हटलं, तुम्ही मला मान दिलात, तो मी डोक्यावर घेते. पण मी सुटलेली नाही. सामान जास्त होतं म्हणून ट्रंक आणली. जानेवारीत शर्यत आहे आणि मी जाणार आहे. हरले तर हरून येईन, तेव्हा फलकावर काय लिहायचं ते लिहा. आज तो एक शब्द खोटा आहे, तेवढा झाका. मांडवात कुजबुज झाली. कुणीतरी मागून म्हणालं, लय शेफारली. बायकांच्या बाजूनं मात्र एक टाळी वाजली, मग दुसरी. नंतर किती वाजल्या ते मी बघितलं नाही, माझं लक्ष आबांकडं होतं. ते खुर्चीत ताठ बसले होते, समोर बघत.

दिवेलागणीला मी सोप्यात बसून गुडघ्याला बर्फ लावत होते. आबा आले, फेटा सोडून खुंटीला अडकवला आणि समोर बसले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. मीही तयार होते, तोंडाला तोंड द्यायला.

"मला जीपमधी बसवलं तवा मी तुज्याएवडाच हुतो," ते म्हणाले. "पाय धड, छाती धड. कागद आला, आलो. लय गुलाल उधळला लोकांनी. दुसऱ्या दिशी पाटंचं उठलो, बूट घातलं, आन हितंच बसून ऱ्हायलो. कुटं जायाचं?"

त्यांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानंही ऐकलं नव्हतं, हे त्यानं नंतर सांगितलं. गावात आबांच्या मिरवणुकीची गोष्ट आजही सांगतात, हलगी किती वाजली, जेवायला किती पंगती उठल्या. त्या पहाटेची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

"मग मला का बसवत हुता जीपमधी?" मी विचारलं. माझा आवाज चढलेलाच होता.

आबांनी हातावर हात चोळले. "सामान घिऊन आलेल्या मानसाचं दुसरं काय करत्यात, ते मला म्हाईतच न्हाई."

मला त्यांचा राग आलेला होता तो गेला नाही. पण त्या रागाशेजारी माया येऊन बसली, आणि ती तेव्हापासून तिथंच आहे. त्यांच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं, थांबायचंय का. मला कुणी विचारायची वाट मी बघणार नव्हते. एवढं मी त्यांना सांगितलं. ते हूं म्हणाले आणि बर्फाची पिशवी वितळली होती ती बदलून आणून दिली.

चौकातला फलक त्यानंतर कुणीतरी उतरवला. शब्द झाकण्यापेक्षा अख्खा फलकच उतरवणं गावाला सोपं गेलं असावं. काही जुने फौजी माझ्याशी आजही बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मी मिरवणुकीचा अपमान केला. वाटू दे. मिरवणूक माझी होती.

जानेवारीत गेले. बर्फ पहाटेपासून पडत होता, नवा आणि ओला, चढाला सगळ्यात वाईट. आमच्या शर्यतीत एकेकीला थोड्या थोड्या अंतरानं सोडतात, त्यामुळे आपण कितवे आहोत हे धावताना कळत नाही. नुसतं आपल्या श्वासाशी भांडायचं. पहिल्या फेरीत मला दोन पोरींनी मागं टाकलं. त्यांतली एक इतकी लहान, की मी पहिल्यांदा देशात पहिली आले तेव्हा ती पाटी घेऊन शाळेत जात असेल. दुसऱ्या फेरीतल्या लांब चढावर गुडघा बोलायला लागला. मी त्याला मराठीत उत्तर दिलं. कडेला उभी असलेली एक पहाडी उस्ताद, माझ्या जुन्या मैत्रिणींपैकी, ते ऐकून मोठ्यानं हसली आणि तीच शिवी मला परत ओरडून दिली. त्या बळावर मी माथा गाठला. उतारावर पुढच्या एकीला ओलांडलं, शेवटच्या सपाटीवर आणखी एकीला. रेघ ओलांडून बर्फात पालथी पडले तेव्हा छाती भात्यासारखी हलत होती आणि गुडघा सुजलेला नव्हता.

सगळ्या आत आल्यावर निकाल सांगितला. मी तिसरी होते.

मी रडले. कुणापासून तोंड लपवलं नाही. मग हातमोजे काढून घरी फोन लावला. फोन आबांनी उचलला. मी सांगितलं, तिसरी आले, संघात घेतलंय, परदेशी जायचंय. मला वाटलं, आता म्हणतील, लय झालं, ये घरला.

"फुडं दोगी हायत म्हंजी," आबा म्हणाले.

मी म्हटलं, हायत.

"मग फोनवर काय बोलत बसलीस?"